अंगठ्याचं काज

"आजी, माझी भोकं कुठे गेली?"

नात स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. एका खांद्यावर शाळेची पिशवी, हातात राखाडी स्वेटर आणि चेहऱ्यावर घर फोडून चोर पळाल्याचा भाव.

"कसली भोकं?" आजीने चहाच्या कपात बघत विचारलं.

"बाह्यांची! अंगठ्याची! काल होती. याची गेली, निळ्याची गेली, काळ्याची पण गेली. सहाच्या सहा गायब!"

"स्वेटरला भोक पडलं की बुजवतात. चाळीस वर्षं मी तेच करते आहे."

"ती पडलेली नव्हती, आजी. पाडलेली होती. विकतच तशी मिळतात!"

"मग दुकानदाराने फसवलं म्हणायचं तुला."

नातीने बाही उजेडात धरली. उलटीसुलटी केली, ताणून बघितली. भोक नेमकं कुठे होतं हेसुद्धा तिला सापडेना. स्वेटरच्या आतल्या शिवणीतून त्याच लोकरीचे धागे काढायचे आणि विणीला वीण मिळवत ते सुईने भरायचे, अशी आजीची पद्धत. शहरात असं रफू करणारे आता तिघंच उरले होते आणि त्यातल्या एकाला दिसत नव्हतं. नातीचा संताप बघतानाही आजीला आतल्या आत कामाचं थोडं समाधान वाटून गेलं. मग त्याची लाज वाटली.

"तू मुद्दाम केलंस," नात म्हणाली. तिने स्वेटर अंगात चढवला, बाह्यांची टोकं तळव्यावर ओढली, दोन्ही मुठी घट्ट आवळल्या आणि ती निघून गेली. बाहेर बघावं तर उन्हाळा अर्धा सरलेला. समोरचा म्हातारा बनियनवर बसून पुठ्ठ्याने वारा घेत होता.

आजीचा हिशेब असा होता की, भोक नसलं की बाही वर सरकेल. बाही वर सरकली की हात दिसेल. पोरगी मुठी आवळेल हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

तीन महिने ती नातीचे हात बघायचा प्रयत्न करत होती. मुलगी आणि जावई नोकरीपायी दुसऱ्या गावी, शाळेचं शेवटचं वर्ष म्हणून चिऊ आजीकडे. घरात माणसं दोन, खोल्या दोन, आणि तरी एक सबंध माणूस कोपरापासून मनगटापर्यंत दिसेनासं झालं होतं. आजीने माळ्यावरचा डबा काढायला लावला. चिऊने काढला, पण अंगठा भोकात असल्यामुळे बाही तसूभर हलली नाही. भांडी घासायला सांगितलं, तर पोरीने कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आणले. "नवा फ्रॉक शिवते, माप देऊन जा," म्हटलं, तर उत्तर आलं, "तयार मिळतात, आजी." सगळे उपाय करून झाले. सरळ विचारणं तेवढं राहिलं.

शाळेतल्या बाईंनाही तिने पालकसभेत गाठलं होतं. बाई हसल्या. "अहो, सगळ्याच घालतात. काजळीची फॅशन आहे ना ती! मीही घालायचे कॉलेजात." आजीने वर्गात नजर फिरवली. एक्केचाळीस मुली होत्या. तेहतीस जणींचे अंगठे बाहीतून बाहेर डोकावत होते, बिळातून उंदरांनी तोंड काढावं तसे. या तेहतीस जणींत कोणाला नुसती हौस आणि कोणाला गरज, हे ओळखायचं कसं?

*

काजळी हे नाव वर्तमानपत्रांनी ठेवलेलं. गाणं म्हणायची, गिटार वाजवायची, डोळ्यांभोवती काळं फासलेलं असायचं. चौतीस वर्षांपूर्वी, सव्विसाव्या वर्षी, एका लॉजच्या न्हाणीघरात वारली. तेव्हापासून तिच्यावर जाणकारांनी इतकं लिहिलं आहे की त्यातलं निम्मं जरी तिने वाचलं असतं, तरी गाणी रचायला तिला वेळ मिळाला नसता.

जाणकारांच्या मते तिच्या डोळ्यांभोवतीचा काळिमा हा सौंदर्याच्या बाजाराला दिलेला नकार होता. घरच्यांच्या मते तोंड न धुता झोपायची सवय. जाणकारांच्या मते तिचा ढगळ कोट ही पुरुषी सत्तेची खिल्ली. घरच्यांच्या मते तो बाबांचा. बाबा गोदामावर पहारेकरी होते, त्यांना तो तिथून मिळालेला. ते गेले, थंडी राहिली, आणि घरात दुसरा कोट नव्हता. आता म्हणे कारखान्यात एक यंत्र आहे, ते नवाकोरा कोट तीन दिवसांत तसा झिजवून देतं. बाबांना त्याला अकरा वर्षं लागली होती. एकाच कानात डूल घालायची, कारण दुसरं हरवलं. हल्ली दुकानात तसं एकेक डूल मिळतं आणि त्याला जोडीचा भाव पडतो.

आणि बाहीला अंगठ्याचं भोक.

त्याबद्दल घरच्यांचं मत कोणी विचारलं नव्हतं. काजळी गेल्यावर वर्तमानपत्राचा एक माणूस घरी आला होता. कोट कुठे आहे, एवढंच त्याने विचारलं. लॉजवाल्याने तो भाड्यापोटी ठेवून घेतला होता, हे कळल्यावर तो चहा अर्धा टाकून उठला.

*

लाँड्रीत, इस्त्रीच्या टेबलामागे, खिडकीपाशी आजीची खुर्ची होती. तिथे ती आजी नव्हती, मावशी होती. लाँड्रीवाला तिला एकेरीत कधी बोलला नाही आणि पगार कधी वेळेवर दिला नाही. दोन्ही गोष्टींत त्याचं सातत्य होतं.

"मावशी, तुमच्यासाठी खास गिऱ्हाईक," तो म्हणाला. "कंपनीतून आल्यात."

कपड्यांच्या कंपनीची बाई पस्तिशीची असेल. उन्हात चालत आल्यामुळे लाल झालेली, हातात मोठी पिशवी. तिने पिशवीतून एक काळी, विणलेली, लांब बाह्यांची बंडी काढून टेबलावर पसरली.

"काकू, पुढच्या महिन्यात आम्ही काजळीचे कपडे पुन्हा आणतोय. हुबेहूब. कोट जमला. पण हे भोक काही जमत नाही. मशिनने पाडलं की आठवड्यात ताणतं आणि अंगठ्याला काचतं. तुमचा हात चांगला आहे म्हणून कळलं. नमुना म्हणून एक करून द्याल? कारखान्यातल्या मुली त्यावरून शिकतील."

तिने फोनवर तो फोटो दाखवला. सगळ्या जगाने बघितलेला. काजळी गिटार मांडीवर घेऊन पायरीवर बसलेली, मान खाली, बाही तळव्यापर्यंत ओढलेली, अंगठा बाहेर.

"आणि हा आमचा टॅग." पुठ्ठ्याच्या तुकड्यावर सोनेरी अक्षरं होती. "जगाच्या बेड्यांतून सुटलेला अंगठा."

"अंगठाच का सुटला?" आजीने विचारलं. "बाकीच्या बोटांनी काय केलं होतं?"

लाँड्रीवाला खोकला. बाई मोकळेपणाने हसली. "लिहिणारे वेगळे आहेत, काकू. मी फक्त शिवणातलं बघते."

हे आजीला आवडलं. तिने सुई टोचू नये म्हणून बोटात अंगुस्तान चढवलं. बंडीच्या बाहीवर मनगटाच्या शिवणीपासून दोन बोटं अंतर घेतलं आणि छोट्या कात्रीने चीर दिली. सरळ नाही, तिरकी, तळव्याच्या बाजूला झुकलेली. मग कडेने काजाचे टाके, कोटाच्या बटणाला घालतात तसे. वरच्या बाजूला दाट, कारण अंगठा ओढतो तो वर; खाली विरळ, म्हणजे लोकर श्वास घेईल. तिने फोटोकडे एकदाही बघितलं नाही. दहा मिनिटं लागली. त्या वेळीही दहाच लागली होती.

बाईने बंडी घालून बघितली. हात वर केला, खाली केला, झटकला. बाही जागची हलली नाही.

"अगदी तस्संच!" मग तिने फोनवरचा फोटो बोटांनी मोठा केला, अजून मोठा केला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "पण काकू, तिरकं आहे हे तुम्हाला कसं कळलं? यात तर दिसतच नाही. आम्ही दोन महिने सरळच पाडतोय."

"सरळ पाडलं की काचणारच."

"हो, पण कळलं कसं?"

आजीने दोरा दाताने तोडला. "पहिलं मीच केलं होतं."

लाँड्रीवाला हसला. "मावशींचं असंच असतं हं, मनावर घेऊ नका."

"माझी धाकटी बहीण ती," आजी म्हणाली.

तो हसायचा थांबला. सतरा वर्षं ही बाई त्याच्या खिडकीत बसून होती. काजळीची गाणी त्याच्या रेडिओवर लागायची, तेव्हा ती "जरा बारीक कर रे" एवढंच म्हणायची. त्याला वाटे, तिला संगीत आवडत नाही.

बाईचा फोन मात्र लगेच वर आला. "काकू! अहो, हे तुम्ही कधी कुणाला सांगितलं नाहीत? थांबा, मी रेकॉर्ड करते. सांगा ना, कसं सुचलं तुम्हाला? काय विचार होता त्यामागे?"

"हात दिसू नये हा."

"म्हणजे?"

"नशेच्या सुया टोचून घ्यायची. कोपरापासून खाली सगळा हात खराब झाला होता. गिटार वाजवताना बाही वर सरकायची आणि आई समोर बसलेली असायची. आईने बघितलं असतं तर घराबाहेर काढलं असतं तिला. मला म्हणाली, ताई, काहीतरी कर. मग मी हे केलं."

बाईचा हात हळूहळू खाली आला. फोन तिने टेबलावर पालथा ठेवला.

"तुम्हाला माहीत होतं, मग."

"बाही वर करून बघितल्याशिवाय काज कुठे घ्यायचं ते कसं कळणार?"

"पण तिला काही विचारलं नाहीत तुम्ही?"

चौतीस वर्षांत हा प्रश्न कोणी केला नव्हता. आईने नाही, पोलिसांनी नाही, जाणकारांनी तर नाहीच. आजीने बोटातल्या अंगुस्तानाकडे बघितलं.

"मी माप घेतलं," ती म्हणाली.

लाँड्रीवाल्याची इस्त्री कोणाच्या तरी सदऱ्यावर तशीच राहिली होती. धूर निघाला तेव्हा त्याने ती उचलली.

"हे टॅगवर नाही घेता येणार, काकू," बाई अखेर म्हणाली. ओशाळून म्हणाली, पण म्हणाली.

"नका घेऊ. काज तिरकं घ्या म्हणजे झालं."

बाईने बंडी उतरवली, घडी घातली, पुन्हा उलगडली. ती जायला वळली आणि दारात थांबली. "मी शाळेत असताना पाच वर्षं रोज घालत होते असली बंडी," ती म्हणाली. त्यापुढे काहीतरी असावं, पण ते तिने सांगितलं नाही, उन्हात निघून गेली.

आजीने अंगुस्तान काढून डबीत ठेवलं, डबी पिशवीत टाकली.

"मावशी, अजून अकरा नग आहेत!"

"उद्या."

"तब्येत बरी नाही का?"

"माझी उत्तम आहे," आजी म्हणाली आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा दुपारी अडीचला लाँड्रीच्या पायऱ्या उतरली.

*

चिऊ तीनला आली. मुठी अजून आवळलेल्याच होत्या. दिवसभर तशाच मुठींनी वह्या कशा लिहिल्या असतील कोण जाणे.

"तू घरी? आज?"

"बस."

"मी चिडलेय तुझ्यावर."

"चिडलेली बस."

चिऊ पलंगाच्या टोकाला टेकली. तिच्या डोक्यामागे भिंतीवर तोच फोटो चिकटवलेला होता, दुकानातून आणलेला, माणसाएवढा. आपल्या मावशीआजीचा फोटो पोरीला दुकानातून आणावा लागला होता, कारण घरात होते ते सगळे आजीने एका डब्यात घालून डब्यावर 'जुने हिशेब' असं लिहून ठेवलं होतं.

आजी समोर खुर्चीवर बसली. काही शिवत नसताना हातांचं काय करायचं, हे तिला कळत नव्हतं. तिने ते गुडघ्यांवर ठेवले.

"चिऊ, तुझ्या हातांना काय झालंय?"

"कुठे काय? काही नाही. फॅशन आहे गं. मावशीआजीचीच तर आहे."

"फॅशन मला नको शिकवू. ती मी काढली."

मग तिने सांगितलं. लाँड्रीत सांगितलं होतं तेवढंच, पण इथे जास्त वेळ लागला. सुया सांगितल्या, आई सांगितली, ती दहा मिनिटं सांगितली. "फार छान झालं होतं ते काज. इतकं छान, की सहा वर्षं कुणाला काही दिसलं नाही. मग बाकीच्या पोरींनी बघितलं, त्यांना आवडलं, त्यांनी भोकं पाडून घेतली. मला बरंसुद्धा वाटलं तेव्हा. म्हटलं, चला, आता आपली पोरगी वेगळी दिसत नाही."

चिऊ फरशीकडे बघत होती.

"काल मी तुझी भोकं बुजवली, तेही तसंच. विचारायचं सोडून पुन्हा कापडाशीच खेळत बसले. मला विचारता येत नाही, बाळा. वेडंवाकडं विचारीन. पण विचारते."

"तू ओरडशील."

"नाही."

"आईला सांगशील."

"हो," आजी म्हणाली. "ते सांगणार."

खोटं बोलली असती तर बरं झालं असतं की काय, असं तिला क्षणभर वाटलं. बाहेर कोणीतरी बादली भरत होतं. ती भरून वाहायला लागली, तरी नळ कोणी बंद करेना.

मग चिऊने मुठी उघडल्या. बाह्या आपोआप वर सरकल्या.

उभा जन्म मापं घेण्यात गेलेली बाई. तिची नजर हातावरच्या चिरांवर गेली आणि सवयीने त्या मोजायला लागली. तिने नजर तिथून उचलली आणि पोरीच्या तोंडावर नेऊन ठेवली. हे तिने आयुष्यात केलेलं सगळ्यात अवघड काम होतं आणि ते करताना बघणारं कोणी नव्हतं.

"कधीपासून?"

"थंडीपासून."

"दुखतं?"

"बाही घासते तेव्हा."

आजीने मान हलवली. ती ओरडली नाही. ओरडायला लागणारा श्वास तिच्याजवळ नव्हताच.

"मी एकटी नाहीये, आजी," चिऊ म्हणाली, जणू त्याने आजीला धीर येणार होता. "वर्गात अजून आहेत."

"किती?"

"काय माहीत. कळत नाही ना. सगळ्यांच्याच बाह्या खाली असतात."

*

दवाखान्याची खिडकी चारला उघडली. रांगेत सोळा माणसं होती. खिडकीमागचा कारकून मान वर न करता कागद भरायचा. त्याच्या डोक्यावरचा टक्कल पडलेला भाग हाच त्याचा चेहरा, असं रांगेतल्या माणसांना वाटायला लागलं होतं.

"रुग्ण?"

"नात. सोळा पूर्ण."

"तक्रार?"

आजीने सांगितलं.

"मोठ्याने बोला, मध्ये काच आहे."

चिऊने आजीचं बोट धरलं. आजीने पुन्हा सांगितलं, मोठ्याने, एकेक शब्द सुटा. मागे रांगेत चाललेलं बोलणं थांबलं. कोणाचं तरी पोर रडत होतं, तेवढं रडत राहिलं.

"घरात पूर्वी असं काही कुणाला?"

"माझ्या धाकट्या बहिणीला. तिचं वेगळं होतं. लपवायची पद्धत तीच."

"पद्धतीला रकाना नाही. नाव?"

आजीने नाव सांगितलं. वर्तमानपत्रातलं नाही, घरातलं, आईने ठेवलेलं. कारकुनाने ते लिहून घेतलं. त्याने कोटाबद्दल काही विचारलं नाही. त्याच्या दृष्टीने ते एक नाव होतं, रकान्यात मावणारं.

"वय?"

"सव्वीस."

"तुमच्या बहिणीचं विचारतोय मी."

"तिचंच सांगते. सव्वीस."

कारकुनाने मान वर केली. त्याला चेहरा होता, आणि तो थकलेला होता. तो आजीकडे बघत राहिला, मग चिऊकडे, मग त्याने सव्वीस लिहिलं आणि कागद खिडकीखालून सरकवला.

"चार नंबर. आत फक्त रुग्ण जाईल."

चार नंबरच्या दारात नर्सने चिऊला स्वेटर काढून ठेवायला सांगितलं. चिऊने आजीकडे बघितलं. आजीने हात पुढे केला. पोरीने स्वेटर डोक्यावरून काढला, आजीच्या हातात दिला आणि क्षणभर तशीच उभी राहिली, उघड्या हातांनी, भर व्हरांड्यात. मग ती आत गेली आणि दार लागलं.

आजी बाकावर बसली. स्वेटर मांडीवर ठेवला. लोकर अजून गरम होती. खांद्यापाशी एक टाका उसवून त्याचा धागा बाहेर लोंबत होता. आजीची बोटं तिकडे निघाली. तिने ती मागे घेतली, दोन्ही हात स्वेटरवर पालथे ठेवले आणि दाराकडे बघत बसून राहिली.